जाळ वाढ, दगडाबाई

खर्ड्याच्या बाजारात जनावरांचा तळ जिथं संपतो तिथं एक मोठा लिंब होता, आणि लिंबाखाली दगडाबाईची खानावळ होती. खानावळ म्हणजे चार मेढी, वर पत्रे, तीन बाजूंना तुराट्यांचा कूड आणि उघड्या बाजूला दोन चुली. बसायला गोणपाटाच्या पट्ट्या. मागं किल्ल्याची काळी भिंत. बाजारच्या दिवशी भल्या सकाळी दगडाबाई चुली पेटवी आणि धुराची एक सरळ रेघ त्या भिंतीवरून वर चढे. लांबून बैल घेऊन येणारी माणसं ती रेघ बघून पाय उचलीत.

तिच्याकडं मटण नसे, भाजी नसे. एक आमटी आणि बाजरीची भाकरी, बस. पण आमटी अशी की भूम-परांड्याकडची माणसं ती खायला म्हणून बाजार करीत. धने, हरभऱ्याची डाळ, बाजरी, खोबरं आणि मिरच्या वेगवेगळ्या भाजून दगडाबाई येसर कुटायची. ते कुटताना सगळी आळी शिंकत असे. त्या येसराची आमटी तीन तऱ्हेची. पहिली साधी, ती खाऊनही नवख्याच्या कपाळाला घाम फुटे. दुसरी तिखट, ती मागणाऱ्याकडं बाकीचे जरा मान देऊन बघत. तिसरीला नाव होतं जाळ. पातेल्यातनं उकळती घ्यायची, वर लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची आणि बुडबुडे विझायच्या आत पितळीत वाढायची. जाळ मागणारा माणूस वर्षातनं एखादा निघे, आणि दोन घासांवर पाण्याच्या रांजणाकडं पळे.

न चुकता जाळ मागणारा एकच होता. गोरक्षनाथ. बैलांचा दलाल. सगळे त्याला गोरखनाना म्हणत.

उंच, काटक माणूस. डोक्याला गुलाबी पटका, खांद्यावर पांढरा रुमाल. त्या रुमालावर त्याचं घर चालत होतं. आमच्या तळावर बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलालानं रुमाल पसरायचा, विकणाऱ्यानं त्याच्याखाली दलालाचा हात धरायचा. हजार हा आकडा दोघांनी धरूनच चालायचं, वरचे शेकडे बोटांनी सांगायचे. पहिलं बोट दाबलं तर एक, पहिली दोन दाबली तर दोन, चारही दाबली तर चार. मग दलालानं तोच रुमाल घेऊन घेणाऱ्याकडं जायचं. चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसालाही कळत नसे की आत काय चाललंय. सगळा इमानाचा मामला. गोरक्षनाथाच्या हातात हात देताना कुणी दोनदा विचार केला नव्हता.

सौदा झाला की घेणाऱ्यानं दलालाला जेवू घालायचं हाही रिवाज. गोरक्षनाथ पत्र्याखाली वाकून आत शिरे आणि शिरता शिरताच ओरडे, "दगडाबाई, जाळ वाढ!"

दगडाबाई साठीची, आडव्या अंगाची बाई. चुलीपुढनं मान न वळवता म्हणे, "तुझ्या तोंडात काय कमी जाळ हाय का रं? आनी वर किती वाढू?"

"मावशे, मागच्या खेपंला येसर जुनं हुतं. लागलंच न्हाई."

"लागलं न्हाई म्हन. मग रांजन कुणी रिता केला?"

हसू उठे. कुणी म्हणे, "नाना, सकाळी परसाकडं जाताना दोन तांबे न्या." गोरक्षनाथ सगळ्यांबरोबर हसे आणि मांडी घालून बसे. आता बघण्यासारखं पुढंच असे. पितळीत आमटी खदखदत असतानाच तो त्यात भाकरी मोडायचा आणि उघड्या हातानं कुस्करायचा. अंगठा आणि पहिली दोन बोटं वर उचललेली, आणि शेवटच्या दोन बोटांनी, हाताच्या कडेनं भाकरी त्या उकळत्या लाल रशात दाबलेली. बाकीच्यांचे हात आपोआप मागं सरकत. त्याची मात्र पापणी लवत नसे. मग घास तोंडात गेला की कान लाल होत, नाकाडोळ्यांतनं पाणी वाही, आणि तो ओल्या डोळ्यांनी सगळ्यांकडं बघून मिशा पुशी.

"बोटं हायती का सांडशी?" लोक विचारत.

"मुरलीत," तो म्हणे. "वीस वर्सं मिरचीत हात हाय. लोनच्याची फोड मुरती तशी बोटं मुरलीत."

हे सगळ्यांना पटलं होतं. त्यालाही पटलं होतं. पहिली पुष्कळ वर्षं तो सगळ्यांसारखाच आमटी निवायची वाट बघे. हात घालायला लागून दोनच वर्षं झाली होती, पण त्यातलं कुणी काही मोजलं नाही. तीच दोन बोटं का, हेही कुणी विचारलं नाही. त्यानं स्वतःलाही नाही.

एकाहत्तर साल सरत आलं होतं. पौषातला बाजार करून तो दिवेलागणीला घरी आला. त्याची बायको रतनबाई हातावर पाणी घालत होती. घालता घालता ती थांबली.

"हे कशानं भाजलं?"

"कुठं?"

तिनं त्याचा उजवा हात उलटा केला. करंगळीच्या कडेला मोठा फोड येऊन फुटला होता. कातडं सुटून लोंबत होतं, आतलं मांस लालभडक. त्याच्या शेजारच्या बोटालाही दोन फोड.

"दुखत न्हाई?" रतनबाईनं विचारलं.

"न्हाई. मुरलीत म्हनलं ना बोटं."

रतनबाई हसली नाही. तिनं एवढंच म्हटलं, "भाजल्यावर मुरलेलं बी दुखतं," आणि हळद आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरक्षनाथ गोठ्यामागं गेला. बाभळीचा एक लांब पांढरा काटा मोडला. आधी तो डाव्या हाताच्या बोटात टोचला. हात झटकला गेला. मग उजव्या हाताचं पहिलं बोट, तेही ओरडलं. मग करंगळी. काटा आत गेला. रक्ताचा एक मणी वर आला, फुगला, घरंगळला. त्यानं आणखी दाबला. जणू दुसऱ्याच कुणाच्या बोटात काटा जात होता आणि तो नुसता बघत होता.

गोठ्यात बैल रवंथ करीत होते. ऊन अंगणात उतरत होतं. सगळं कालच्यासारखंच होतं, आणि गोरक्षनाथाला दरदरून घाम फुटला.

कारण त्याला ओढ्यापलीकडचा माणूस आठवला. तो लहान असताना त्यांच्या गावाच्या ओढ्यापलीकडं एक माणूस पालात राही. त्याला नाव असेलच, पण कुणी ते घेत नसे. बाया ओढ्यातल्या एका सपाट दगडावर भाकरी ठेवून मागं फिरत. त्या पुरत्या लांब गेल्या की तो येई. आईनं बजावलं होतं, त्या दगडावर पाय द्यायचा नाही. एकदा पोरांसंगं लपून गोरक्षनाथानं त्याला भाकरी उचलताना बघितलं होतं. तोंड आठवत नव्हतं. हात आठवत होता. आखडलेली दोन बोटं, आतल्या बाजूला वळलेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं.

त्यानं काटा मातीत खुपसला आणि वर पाय फिरवला.

रतनबाईला त्यानं काही सांगितलं नाही. हाताला चिंधी बांधली, बैलाच्या दाव्यात हात सापडला म्हणाला. पण त्या दिवसापासनं भीती त्याच्याबरोबर उठू-बसू लागली. पहाटे उठल्याबरोबर तो पांघरुणातच बोटं दाबून बघे. सरळ होतात का बघे. आरशात कानाच्या पाळ्या बघे, भुवया बघे. धाकटी पोरगी मांडीवर येऊन बसली की तिला नकळत खाली उतरवी. आणि मग एका सकाळी चूळ भरताना त्याच्या मनात आलं: बोटं गेली, तशी जीभ जाईल. कदाचित निम्मी गेलीही असेल. आपल्याला जाळ पचतो, तो पचतो का कळतच नाही?

त्यानं चुलीशेजारच्या उतरंडीतली वाळलेली मिरची काढून चावली. तोंड पेटलं. डोळ्यांत पाणी आलं. त्याला इतकं बरं वाटलं की तो भिंतीला टेकून हसला.

पण ते बरं वाटणं दुपारपर्यंतच पुरलं. संध्याकाळी त्याला वाटलं, सकाळी लागलं त्यापेक्षा आता कमी लागतंय.

पुढच्या बाजाराला तो खानावळीत शिरला आणि म्हणाला, "जाळ वाढ. आनी वर मूठभर मिरची टाक."

"मूठभर?" दगडाबाईनं पहिल्यांदा मान वळवली.

"टाक म्हनतो ना."

पंगतीला चेव आला. "नाना इरंला पेटलं!" कुणी पैजा लावू लागलं. गोरक्षनाथानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटून वाट बघत राहिला. आग आधी जिभेच्या शेंड्याला लागली, मग कडांना, मग घशात उतरली. त्यानं ती आग घरातल्या वस्तू मोजाव्यात तशी जागा जागा मोजली. शेंडा आहे. डावी बाजू आहे. उजवी आहे. डोळ्यांतनं धारा लागल्या आणि तोंडावर समाधान पसरलं. पंगतीतल्या लोकांना वाटलं, याला म्हणतात खाणारा.

"नाना, हात घाला की आज! हात का न्हाई घातला?"

त्यानं भाकरी पहिल्या दोन बोटांनीच जपून मोडली होती. लोकांनी बघितलं होतं. आता नाही म्हणावं तर कुणीतरी विचारील का नाही. त्यानं चिंधी सोडली आणि हात खदखदत्या रशात घातला. पंगत "वा!" म्हणाली. त्याला काहीच लागलं नाही. आणि काहीच लागलं नाही हे दडवायला तो सगळ्यांत मोठ्यांदा हसला.

असे चार बाजार गेले. दर बाजाराला मिरची वाढत गेली. दगडाबाई वाढताना काही बोलेना. ती पितळी पुढं ठेवी आणि चुलीशी जाऊन त्याच्या हाताकडं बघत बसे. तिची ती नजर त्याच्या पाठीला कळे. तो दुसरीकडं तोंड करून बसू लागला.

पाचव्या बाजाराला काकासाहेब बैलजोडी घेऊन आले. काकासाहेब म्हणजे सोनेगावकडचे मोठे शेतकरी. पंधरा वर्षं त्यांचं प्रत्येक जनावर गोरक्षनाथाच्या रुमालाखालून गेलेलं. जोडी देखणी होती, कोसा रंग, शिंगं एका मापाची. परांड्याकडचं गिऱ्हाईक उभं होतं.

गोरक्षनाथानं रुमाल पसरला. आत काकासाहेबांचा जाड, खरबरीत हात आला. पकड बसली. पहिलं बोट दाबलं, दुसरं दाबलं. त्यापुढं... त्यापुढं तिथं अंधार होता. तिसरं धरलं होतं की नव्हतं, चौथं होतं की नव्हतं, काही कळेना. त्यानं काकासाहेबांच्या डोळ्यांत बघितलं. ते बैलांकडं बघत होते. "पुन्हा दाबा" म्हणावं तर पंधरा वर्षांत तो कधी तसं म्हणाला नव्हता. रुमालाखाली हात नको इतका वेळ राहिला.

"काय रं?" काकासाहेब म्हणाले. "बसलं का ध्यानात?"

"बसलं," गोरक्षनाथ म्हणाला.

दोन. त्यानं मनाशी दोन धरलं, कारण दोनच लागली होती. गिऱ्हाइकाशी हात मिळवला, ते लगेच कबूल झालं. त्यानं बैलांच्या कपाळांना गुलाल लावला, कासरा गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि मोठ्यानं बोलला, "हजारावर दोन! जोडी परांड्याला!"

काकासाहेब वळले. "किती?"

"हजारावर दोन."

"चार दाबली मी. चार! ह्या हातानं!"

तळावरची माणसं गोळा झाली. गिऱ्हाईक कासरा सोडीना. गुलाल लागला, सौदा झाला म्हणे. काकासाहेबांचा आवाज चढत गेला. "पंधरा वर्सं हात दिला तुला. गिऱ्हाइकाकडनं काय खाल्लंस बोल!"

"काय न्हाई खाल्लं, काकासाहेब."

"मग चाराचं दोन कसं झालं? बोटं मोडलीत का तुझी?"

सगळे गोरक्षनाथाकडं बघत होते. एक वाक्य बोललं की तो लबाडीतनं सुटणार होता. बोटांत जीव नाही. एवढंच. पण मग ही सगळी माणसं आपापल्या हातांकडं बघतील. वीस वर्षांत या तळावरच्या कुणाचा हात त्याच्या हातात आला नव्हता? मग रतनबाई, मग पोरं, मग ओढ्यातला दगड.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलं न्हाई, खाल्लंस!" काकासाहेब थुंकले आणि पैसे घ्यायला निघून गेले. गर्दीतनं कुणीतरी म्हणालं, "लबाड हाय." दुसऱ्यानं तेच पुन्हा म्हटलं. गोरक्षनाथानं रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि खाली बघत खानावळीकडं चालू लागला. परांड्याच्या गिऱ्हाइकानं त्या दिवशी त्याला जेवू घातलं नाही. दोनशे वाचले तरी लबाडाबरोबर बसायची त्यालाही लाज वाटली असेल.

दुपार टळली होती. पत्र्याखाली कुणी नव्हतं. गोरक्षनाथ कोपऱ्यात बसला.

"जाळ वाढ," तो म्हणाला. ओरडला नाही.

दगडाबाईनं आमटी वाढली, पण पितळी त्याच्या पुढं न ठेवता स्वतःपुढं ठेवून त्याच्यासमोर बसली. वाफ दोघांच्या मधनं वर चढत होती.

"हात घाल," ती म्हणाली.

"आज नको, मावशे."

"घाल. कुणी बघाय न्हाई. मला बघू दे."

त्यानं हात रुमालात गुंडाळला.

दगडाबाई हळू बोलली. "चाळीस वर्सं मी चुलीपाशी हाय. भाजल्यावर मानूस हात मागं घेतो. त्याला ठावं व्हायच्या आदी घेतो. न्हानगं पोर घेतं, आंधळं घेतं. तू घेत न्हाईस. तवा मला वाटलं ह्याची कातडी जाड. पन तिखट तुला सगळ्यांवानी लागतं. रडतोस, नाक गाळतोस. मग एकट्या हाताचंच काय असं? आनी आज तळावर चाराचं दोन झालं." तिनं त्याच्या उजव्या हाताकडं बोट केलं. "शेवटची दोन. व्हय ना?"

गोरक्षनाथाला वाटलं, ही आता उठेल. पितळी चिमट्यानं उचलून उकिरड्यावर टाकील. बाहेर जाऊन सांगेल. तो तिच्या पायांकडं बघत राहिला, ते कुठं वळतात ते.

"मावशे, कुनाला..."

"मी कुनाला सांगत न्हाई. तू सांगायचं. आदी तपासनाऱ्याला, मग ज्याला सांगायचं त्याला. जामखेडला शाळंच्या वसरीत बसतो तो पीस घेऊन. उंद्या बसनार हाय."

पिसाचा माणूस गोरक्षनाथाला माहीत होता. अब्राहाम त्याचं नाव, नगरकडचा ख्रिस्ती. दवाखान्याच्या सायकलवर गावोगाव फिरे आणि शाळेतल्या पोरांच्या पाठीवर पीस फिरवून चट्टे तपाशी. पोरं गुदगुल्यांनी हसत. मोठी माणसं त्याची सायकल दिसली की शेताकडं निघून जात.

दुसऱ्या दिवशी गोरक्षनाथ पहिल्या एस.टी.नं जामखेडला गेला. शाळेपुढनं तीनदा गेला आणि तीनदा पुढंच गेला. चौथ्या खेपेला अब्राहामनंच हाक मारली, "या भाऊ, पाणी तरी प्या."

अब्राहामनं त्याला डोळे मिटायला लावले. "पीस लागलं की बोट दाखवायचं. जिथं लागलं तिथं."

गोरक्षनाथानं डोळे मिटले. खांद्याला लागलं, दाखवलं. दंडाला लागलं, दाखवलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. बाहेर कुठंतरी हापसा वाजत होता. हा माणूस थांबला का? निघून गेला का? त्यानं डोळे उघडले. अब्राहामचं पीस त्याच्या करंगळीवर हळूहळू फिरत होतं.

मग अब्राहामनं कोपराच्या आतल्या बाजूची शीर चाचपली. ती सुतळीसारखी जाड झालेली गोरक्षनाथालाही लागली. पाठीवर एक फिकट चट्टा निघाला. तो त्याला कधी दिसणारच नव्हता.

"आहे," अब्राहाम म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. "पण वेळेवर आलात. गोळ्या देतो. काही वर्षं घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही. बाकीचा हात वाचेल."

"आनी ही दोन?"

"ती परत जागी होतील असं मी सांगत नाही. पण भाजू द्यायची नाहीत. बोटं रोगानं झडत नाहीत, जखमांनी झडतात. ऊन भांडं, विस्तव, उकळतं काही, या हाताला लावायचं नाही."

गोरक्षनाथानं विचारलं, "जीभ मरंल का माझी?"

"तिखट लागतं?"

"लई लागतं."

"किती खाता?"

गोरक्षनाथानं सांगितलं. अब्राहामनं लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "अहो, जीभ शाबूत आहे. ती आहे तोवर आतडीही शाबूत ठेवा." मग तो म्हणाला, "बायकोपोरांना आणा. तपासू. एका पंगतीला बसल्यानं हे सहजी लागत नाही, पण तपासलेलं बरं."

घरी येऊन त्यानं रतनबाईला सांगितलं. ती पीठ मळत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू लागले. ती म्हणाली, "मी हातावर पानी घालत हुते त्याच दिसी सांगायचं हुतंस." चार दिवसांनी ती स्वतः पोरांना घेऊन जामखेडला गेली. तीन पोरांच्या पाठीवरनं पीस फिरलं आणि तिन्ही पोरं हसली. ते हसू ऐकून ती शाळेच्या पायरीवर मटकन खाली बसली.

पण तळावरचं तसंच राहिलं होतं. पुढच्या बाजाराला गोरक्षनाथानं रुमाल खांद्यावरनं काढला नाही, आणि कुणी काढ म्हटलंही नाही. काकासाहेबांनी सगळ्या तळाला सांगितलं होतं. लबाड म्हणून जगता आलं असतं. लबाडाची दलाली जाते, पण त्याला गावातच ठेवतात, पंगतीला बसू देतात. तो लिंबाखाली उभा राहून हे तोलत होता. आणि मग त्यानं काकासाहेबांना खानावळीत शिरताना बघितलं.

तोही वाकून आत शिरला. पत्र्याखाली पंधरा-वीस माणसं जेवत होती.

"जाळ का, नाना?" कुणीतरी खवचटपणानं विचारलं. "का खाऊन आलाय?"

"साधी," गोरक्षनाथ म्हणाला. "आनी निववून दे, दगडाबाई."

हशा पिकला. "साधी? दलाली गेली तशी जीभ बी गेली व्हय?"

"जीभ हाय," तो म्हणाला. तो उभाच राहिला. बसलो तर उठवणार नाही असं त्याला वाटलं. त्यानं उजवा हात पुढं धरला. "ही दोन बोटं न्हाईत. हायत, पन त्यात जीव न्हाई. मला महारोग झालाय. जामखेडला तपासलं. गोळ्या चालू हायत. काकासाहेब, तुमी चार दाबली असतील. मला दोनच लागली."

मग गोणपाटावर पाय घासल्याचा आवाज आला. एक उठला. त्याच्यामागं दोघं. पितळ्या तशाच टाकून माणसं त्याच्या अंगाला अंग लागू नये म्हणून कुडाला चिकटून बाहेर पडू लागली. निम्मी पंगत रिकामी झाली. राहिले त्यातले काही न बघता जेवत होते, काही नुसते बघत होते.

काकासाहेबही उठले. त्याच्याकडं न बघता बाहेर गेले. रांजणातनं तांब्या भरल्याचा आवाज आला, मग पाणी पडल्याचा. ते हात धूत होते. दुसरा तांब्या भरला. मग तिसरा. गोरक्षनाथ पाठमोरा उभा राहून ते पाणी ऐकत होता. पंधरा वर्षं हात दिला होता. इतकं पाणी त्याला लागणारच, असं त्यानं स्वतःला समजावलं. चौथा तांब्या पडला. मग काहीच ऐकू येईना.

काकासाहेब ओल्या हातांनी आत आले. त्याच्यासमोर उभे राहिले.

"मंजे दोनच लागली तुला?"

"व्हय."

"गिऱ्हाइकाचं काय खाल्लं न्हाईस?"

"न्हाई."

"मग तळावर का न्हाई बोललास?"

गोरक्षनाथानं रिकाम्या पट्ट्यांकडं बघितलं. काकासाहेबांनीही बघितलं.

"बस," ते म्हणाले. ते आपल्या जागेवर जाऊन बसले. गोरक्षनाथ त्याच पट्टीवर बसला, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून. काकासाहेब ती जागा भरायला सरकले नाहीत, आणि उठूनही गेले नाहीत. मान खाली घालून त्यांनी राहिलेली भाकरी खाल्ली.

दगडाबाईनं साधी आमटी आणून ठेवली. वाफ येत नव्हती. पितळीच्या काठावर तिनं एक पितळेचा चमचा ठेवला होता. तिच्या खानावळीत चमच्यानं कधी कुणी जेवलं नव्हतं. तो हात भाजू नये म्हणून दिला होता, की त्याचा हात पितळीला लागू नये म्हणून, हे गोरक्षनाथाला कळेना. आमटी तर निवलेलीच होती. त्यानं वर बघितलं. दगडाबाई चुलीकडं तोंड करून बसली होती. त्यानं विचारलं नाही. डाव्या हातानं चमचा उचलला आणि जेवू लागला.